रथयात्रा ते घटस्थापना: व्यायामाला बिचकणाऱ्यांचे बारा आठवडे

बडोद्यात व्यायाम सुरू करायचा तर मुहूर्त रथयात्रेचा धरावा. आषाढ शुद्ध द्वितीयेपासून घटस्थापनेपर्यंत, मध्ये अधिक मास आला नाही तर, ८७-८८ दिवस मिळतात. म्हणजे पुरते बारा आठवडे आणि वर तीन-चार दिवस विश्रांतीला. मे महिन्याची भट्टी तोवर विझलेली असते आणि समोर गरब्याची ठरलेली तारीख असते. ‘फिट व्हायचंय’ ह्या वाक्याला शेवट नसतो, म्हणून ते लवकर सुटतं. त्याऐवजी इतकंच ठरवा: पहिल्या माळेला तासभर गरबा खेळायचा आणि दुसऱ्या दिवशी कठडा न धरता जिना उतरून कामावर जायचं.

हा कार्यक्रम अशांसाठी आहे ज्यांनी शाळेतल्या पी.टी.नंतर व्यायाम केलेला नाही, दोन मजले चढून ज्यांना धाप लागते आणि चारचौघांत हातपाय हलवायची ज्यांना लाज वाटते. आधीच रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यांनी एकदम सातव्या आठवड्यापासून वाचावं.

सगळा आराखडा एका गोष्टीवर बेतलेला आहे. दम लवकर सुधारतो, पाय सावकाश. दोन-तीन आठवडे नियमित चाललात की श्वास कमी फुलतो, स्नायूही हुशारतात. पण टाचेमागचा जाड कंडरा, गुडघ्याखालचा बंध आणि नडगीचं हाड ह्यांना भाराची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. कंडरा-बंधांना रक्तपुरवठा कमी, हाडाची फेरबांधणी मुळातच संथ, त्यामुळे त्यांची डागडुजीही सरकारी खात्याच्या वेगाने होते. नवखा माणूस जायबंदी होतो तो ह्या मधल्या काळात: छाती ‘चल पुढे’ म्हणते आणि नडगी अजून पहिल्याच आठवड्यात असते.

आधी डॉक्टर कोणी गाठायचा

चालायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. पण हृदयविकार झालेला असेल, चालताना छातीत दाब किंवा चक्कर येत असेल, रक्तदाब १८०/११०च्या घरात जात असेल, गरोदर असाल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी विचारून घ्या. मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने साखर उतरू शकते. अशांनी वेळ आणि डोस डॉक्टरांशी बोलून ठरवावेत आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, एकदम भूक, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसली की तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर घ्यायची, बसायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

व्यायाम करताना छातीवर दडपण, ते जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणं, अंधारी, थांबल्यावरही न ओसरणारी धाप: ह्यातलं काहीही झालं तर थांबा आणि १०८ला फोन लावा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी जाऊन सोडा पिऊ नका.

भीती दोन प्रकारची असते

एक भीती शरीराची. ज्यांना मुळात घाबरं होतं, त्यांना धडधड वाढली की काहीतरी बिघडलं असंच वाटतं, कारण व्यायामातली धडधड आणि घाबरल्यावरची धडधड आतून जवळजवळ सारखीच जाणवते. ह्यावर घरच्या घरी एक प्रयोग करा. नेहमीच्या चालीने एक मजला चढा, वर खुर्चीत बसा आणि मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. एका मिनिटाने पुन्हा मोजा, दोन मिनिटांनी पुन्हा. आकडा उतरताना दिसतो. आठवडाभर रोज एकदा हे केलंत की धडधड चढते तशी उतरतेही हे डोक्याला कागदावर दिसतं, आणि तिथे समजावणीपेक्षा आकडा जास्त कामी येतो. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असाल तर नाडी मुळातच दबलेली राहते, तेव्हा आकड्यावर जाऊ नका, धाप किती लागली ते बघा. बसून पाच मिनिटांनीही ठोके उतरत नसतील किंवा वेडेवाकडे पडत असतील तर ते डॉक्टरांना दाखवायचं काम आहे.

दुसरी भीती लोकांची, आणि आपल्या शहरात ती जास्त, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. दांडिया बाजारातून ट्रॅक पँट घालून निघालात की सुरसागर येईपर्यंत तीन जण विचारतात, ‘काय, वजन कमी करताय?’ उत्तर आधीच ठरवून ठेवा: ‘नवरात्राची तयारी.’ ह्यावर बडोद्यात कोणी पुढे विचारत नाही, उलट पास कुठले घेतलेत ते विचारतात. कपडे नवे घेऊ नका, रोजचेच वापरा. पहिला आठवडा जागा आणि वेळ बदलू नका. त्याच वेळी तिथे येणारी माणसं तीच असतात, चौथ्या दिवशी ती तुमच्याकडे बघायची थांबतात. आणि गोल फेरी मारण्यापेक्षा सरळ जाऊन परत या. गोल फेरीत त्याच बाकावरच्या काकांसमोरून पाच वेळा जावं लागतं.

बूट, मोजे, आणि एवढंच

पैसे खर्च करायचे ते बुटांवर. संध्याकाळी खरेदी करा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जो मोजा वापरणार तोच घालून जा. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी आणि टाच आत वरखाली होता कामा नये. तळवा बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर तो बूट ठेवा दुकानात. पावसाळ्यात एकच जोड सलग ओला वापरला की बोटांमध्ये चिखल्या होतात. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि सुक्या मोज्यांचे दोन जोड जादा बाळगा. मांड्या घासून सोलवटत असतील तर निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा. ह्या दुखण्याबद्दल कोणी बोलत नाही आणि चालणं सुटायला तेवढं एक पुरतं.

चालणं: पाया

पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस, रोज १५ मिनिटं. पहिली तीन रमतगमत, मधली नऊ भरभर, शेवटची तीन पुन्हा सावकाश. भरभर म्हणजे किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलात तर ओळ मध्येच तुटावी. एकटे असाल तर मनाचा एक श्लोक पुटपुटून बघा: चारही ओळी एका दमात खणखणीत निघाल्या तर वेग वाढवा, दोन-दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर कमी करा.

पंधरा मिनिटं लाज वाटावी इतकी कमी वाटतील. वाटू द्या. आरंभशूर माणूस पहिल्या दिवशी कमाटीबाग पालथी घालतो आणि तिसऱ्या दिवशी बामची बाटली शोधतो. सुरुवातीला खरं काम आहे ठरल्या वेळी घराबाहेर पडण्याची सवय लावणं, आणि त्याला १५ मिनिटं भरपूर झाली.

पुढचा चढ असा. तिसऱ्या आठवड्यात २० मिनिटं. चौथा आठवडा मुद्दाम हलका: पुन्हा १५. पाचव्या-सहाव्यात २५, त्यात मधल्या भागात सहा वेळा एकेक मिनिट जोरात, दर वेळी दोन मिनिटं सावकाश. सातव्या-आठव्यात ३०. इथे आठवड्याची बेरीज १५० मिनिटं होते, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी मध्यम व्यायामाचं जे किमान माप सांगते ते हेच आहे. नवव्यात ३५. ही मिनिटं एका दमात भरली नाहीत तरी हरकत नाही, सकाळी १५ आणि जेवणानंतर २० चालतील. निदान दहा मिनिटं सलग हवीतच, ही जुनी अट संघटनेनेच २०२० मध्ये काढून टाकली.

चालताना नजर दहा-पंधरा पावलं पुढे, खांदे सैल, कोपर वाकलेलं. वेग वाढवायला ढांगा लांब टाकू नका. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की टाच ब्रेकसारखी आदळते आणि नडगी पुढून दुखायला लागते. पावलं छोटी आणि जास्त टाका.

जागा? १८७९ साली बांधलेली कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, नवख्याला सर्वात चांगली: सावली आहे, बाक आहेत, गाड्या नाहीत. पहाटे अंधारात रस्त्यावरून चालणार असाल तर फिकट कपडे घाला आणि गाड्यांच्या समोरून चाला, म्हणजे येणारा दिसतो. कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा, हात अंगाशी धरा, नजर न भिडवता हळू मागे सरा. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. विश्वामित्री फुगलेली असताना मात्र बाग, पूल, काठ सगळं विसरा. नदीतल्या मगरी पुराच्या पाण्याबरोबर रस्त्यावर येतात हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको.

मुसळधार दिवशी घरातच: जागच्या जागी पावलं उचलत १५ मिनिटं, मध्ये दर पाच मिनिटांनी एक मजला चढउतार. शेवाळलेल्या गच्चीवर जाऊ नका.

ताकद: आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं

दुसऱ्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार, किंवा मध्ये निदान एक दिवस सुटेल असे कुठलेही दोन.

इथे तालमींचा विषय निघणारच. राजरत्न प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर ह्याच शहरातलं, व्यायामाचा दहा खंडांचा मराठी कोशही १९३६ पासून इथूनच निघायला लागला. त्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरात एखादे तरी आजोबा किंवा काका ‘रोज शंभर बैठका मार, बाकी काही नको’ असं सांगणारे असतातच. सल्ला वाईट नाही, माणूस चुकीचा आहे. तालमीतली बैठक टाच उचलून, गुडघा पुढे नेऊन, झोक्याने होते. ती करणारा पोरगा दहाव्या वर्षापासून मातीत उतरलेला असायचा. चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी शंभर मारल्या तर दोन दिवस त्याला कमोडवरून उठता येत नाही. क्वचित त्याहून वाईट घडतं: स्नायू इतके तुटतात की लघवी चहाच्या रंगाची होते. तसं झालं तर मूत्रपिंडाचा प्रश्न आहे, लगेच रुग्णालयात जायचं. कमाटीबागेच्या संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचललेला म्हणून एक दगड ठेवला आहे, १२०० किलोचा. तो बघून यायला हरकत नाही. आपल्याला पाच किलोची पिशवी घ्यायची आहे.

खुर्चीवरून उठबस. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची किंवा प्लास्टिकची लवचीक नको. पाय खांद्याइतके फाकलेले, पावलं किंचित बाहेर, हात छातीवर. पुढे झुकून उठा, मग तीन आकडे मोजत खाली या आणि खुर्चीला जेमतेम टेकलात की पुन्हा वर. आठ वेळा, दीड मिनिट थांबून पुन्हा आठ. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे शेवटच्या चार बोटांत धप्पकन बसणं. ताकद कमावली जाते ती खाली येताना सावरण्यात, ते सोडलं तर निम्मा व्यायाम गेला. दुसरी चूक, गुडघे आत वळणं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आरशासमोर करा. उठताच येत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. दोनदा बारा आरामात झाले की गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी छातीशी धरा.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर आणि वर एक पाऊल मागे. तळवे खांद्याच्या उंचीला, कोपरं अंगापासून तिरकी, पार आडवी फाकलेली नकोत, नाहीतर खांदा पुढून दुखतो. टाळूपासून टाचेपर्यंत अंग फळीसारखं सरळ. दोनदा आठ. बारा सहज झाले की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून, मग भक्कम पलंगाच्या कडेवर. जमिनीवर उतरायची घाई ह्या बारा आठवड्यांत नाहीच. आणि श्वास कोंडू नका: खाली जाताना आत, ढकलताना बाहेर. दम रोखून जोर लावला की रक्तदाब उसळतो.

पिशवी ओढणं. एक हात खुर्चीच्या पाठीवर, कंबरेतून झुकलेलं पण पाठ सरळ, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तीत दोन लिटरच्या दोन बाटल्या. कोपर कंबरेकडे ओढा, खांदा कानाकडे जाऊ देऊ नका. दोन्ही हातांनी दहा-दहा. मोबाईलवर वाकून बसणाऱ्या पाठीला ह्याची फार गरज असते.

पूल. उताणं झोपून गुडघे वाकवा, टाचा दाबून कंबर उचला, वर दोन आकडे थांबा. दहा वेळा. कंबरेत कळ आली तर जास्त वर जाताय. पोटऱ्यांत गोळा आला तर टाचा फार लांब आहेत, जवळ घ्या.

टाचा उचलणं. गरब्यासाठी ह्या पाचांतला सर्वात मोलाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. भिंतीला बोटं टेकून दोन्ही टाचा पूर्ण वर, एक आकडा थांबून तीन आकड्यांत खाली. दोनदा दहापासून सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत तीनदा वीसवर न्या. मग दोन्ही पायांवर वर जाऊन एका पायावर खाली उतरा. गरब्यात प्रत्येक उडीला पोटरी आणि टाचेमागचा कंडरा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार झेलतात, तोही रात्रीतून हजारदा, आणि बरेच जण खेळतात अनवाणी. चौथ्या माळेला मैदानाच्या कडेला पोटऱ्या चोळत बसलेल्यांची दमछाक झालेली नसते, ही तयारी राहिलेली असते.

प्रत्येक प्रकारात ‘अजून दोन-तीन सहज झाले असते’ इथे थांबा. पाय लटपटेपर्यंत करण्यात नवख्याला काही मिळत नाही.

दुखणं ओळखणं

दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच जड, हात लावला की ठणकणाऱ्या, हालचाल केली की मोकळ्या होणाऱ्या: हे ठीक. एक ते तीन दिवसांत ते शिगेला पोचतं आणि ओसरतं. ‘लॅक्टिक अॅसिड साठलं’ असं जिममध्ये सांगतात, पण लॅक्टेट तासाभरात निघून गेलेलं असतं. हे दुखणं सवय नसलेल्या भाराने स्नायूंच्या धाग्यांना आलेल्या बारीक इजेचं असतं. ह्यावर उपाय सावकाश चालणं आणि झोप.

एकाच बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी, टोचल्यासारखं दुखत असेल तर ती वेगळी गोष्ट. गुडघा सुजला, नडगीच्या हाडावर एका बिंदूला दाबल्यावर कळ आली, सकाळचं पहिलं पाऊल टाचेत खिळा रुतल्यासारखं पडलं, तर उड्या आणि भरभर चालणं थांबवा. आठवडाभरात उतार नसेल तर दाखवून या. एकच पोटरी सुजून गरम झाली तर मसाज नको, त्याच दिवशी डॉक्टर.

मधली अवस्था असते, त्यासाठी सोपं माप: दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळी पूर्वपदावर, तर चालू ठेवा. सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त, तर पुढच्या वेळी निम्मं करा. तिसऱ्या आठवड्यात हे माप रोज लावा. त्या आठवड्यात दम वाढलेला असतो आणि ‘आज जरा पळून बघू’ असं वाटतं. नाही पळायचं. चौथा आठवडा हलका ठेवलाय तो ह्याचसाठी.

श्रावण, गणपती आणि चुकलेले दिवस

पाचव्या आठवड्यात श्रावण लागतो. एकभुक्त असाल तर चालणं जेवणाच्या दोन-तीन तास मागेपुढे ठेवा आणि ताकदीचे दिवस उपासाला येऊ देऊ नका. निर्जळी उपासाला फक्त रमतगमत दहा मिनिटं. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. खिचडीत दाण्याचा कूट सढळ घाला, बरोबर दही किंवा दूध घ्या. एरवीही प्रथिनांकडे लक्ष हवं. एका किलो वजनामागे निदान एक ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पाव लिटर दुधात आठ, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. नुसत्या भात-वरण-पोळीवर हा आकडा गाठणं कठीण जातं, म्हणून संध्याकाळच्या लीलो चिवड्याच्या जागी आठवड्यातून चार दिवस भिजवलेले चणे किंवा मोडाचे मूग ठेवा. उरलेले तीन दिवस चिवडा खा. बडोद्यात राहून तो सोडायचा हा हट्ट टिकत नाही.

नवव्या आठवड्याच्या शेवटी गणपती बसतात. दहावा आठवडा आरत्या, पाहुणे, मोदक आणि जागरणात जातो, म्हणून तो आधीच हलका धरलाय: तीन दिवस, १५-१५ मिनिटं, टाचा उचलणं चालू, बाकी सुट्टी. मखर सजवताना शिडी चढउतार होते ती वेगळी.

एरवी एक ते तीन दिवस बुडाले तर होता तिथूनच पुढे. आठवडा बुडाला तर एक आठवडा मागे. भरपाई म्हणून एका दिवशी दुप्पट करू नका. ताप आला तर तो उतरून दोन-तीन दिवस जाऊ द्या. डेंग्यू-मलेरिया झाला असेल तर डॉक्टर सांगतील तोवर काही नाही, मग दुसऱ्या आठवड्यापासून.

जिम लावायची का

लावली तरी चालते, न लावली तरी अडत नाही. लावायची तर आठव्या आठवड्यानंतर, आणि पैसे एका महिन्याचेच भरा. वर्षाची सवलत ही तुम्ही येणार नाही ह्या हिशेबावर दिलेली असते. दुपारी अकरा ते चार जिम रिकामी असते, बुजणाऱ्याने तेव्हाच जावं. पहिल्या दिवशी ट्रेनरला दोनच गोष्टी सांगा: मी नवा आहे, आणि आज मला लेग प्रेस, लॅट पुलडाऊन आणि चेस्ट प्रेस ह्या तीन मशीनची सीट माझ्या मापाला लावायला शिकवा. सीट कितव्या खाचेत ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. रिकामी मोठी सळई स्वतःच २० किलोची असते, ती हलकी समजून ओढू नका. ट्रेडमिलवर चढल्यावर सेफ्टी क्लिप कपड्याला लावा. पहिल्याच आठवड्यात प्रोटीनचा डबा विकायला निघालेल्या ट्रेनरला ‘डॉक्टरांना विचारून सांगतो’ म्हणायचं. विषय तिथेच मिटतो.

शेवटचे दोन आठवडे: गरबा

नवव्या आठवड्यात चालण्याच्या शेवटी दोन्ही पायांवर छोट्या उड्या सुरू करा, दहा-दहाच्या दोन फेऱ्या, जमिनीपासून चार बोटं. आवाज धप्प आला तर गुडघे ताठ आहेत. उड्या एकाआड एक दिवस, रोज नकोत.

अकराव्या आठवड्यात तीन दिवस चालण्याऐवजी गरबा. घरात किंवा गच्चीत, बे तालीवर, म्हणजे दोन टाळ्यांच्या गरब्यावर, चार मिनिटं खेळा, दोन मिनिटं चाला, असं पाच वेळा. बाराव्यात त्रण तालीवर, म्हणजे तीन टाळ्यांच्या गरब्यावर, आठ मिनिटं, दोन मिनिटं चालणं, चार वेळा. पहिले दोन दिवस बूट घालून. मैदानावर अनवाणी खेळणार असाल तर ह्या दोन आठवड्यांत पाच मिनिटांपासून वाढवत अनवाणी सराव करा, नाहीतर तळव्याला फोड येतात. फेर घेताना चक्कर येत असेल तर नजर एका ठिकाणी रोवून मान शेवटी वळवा. चणिया-चोळी किंवा केडियू जड असतं, एकदा तरी तोच पोशाख घालून सराव करा. घागऱ्यात पाय अडकतो तो तालीम नसल्यामुळे.

घटस्थापनेआधीचे तीन-चार दिवस फक्त रमतगमत चालणं.

मैदानात पोचल्यावर पाच मिनिटं कडेने चाला, दहा-पंधरा वेळा टाचा उचला, मग आत शिरा. नवख्याने बाहेरच्या वर्तुळात राहावं, दमल्यावर निघता येतं. आतल्या फेरीतून बाहेर पडायला गर्दी कापावी लागते. वेग रात्र सरेल तसा चढत जातो, तेव्हा सुरुवातीलाच जीव ओतू नका. उपास असेल तर निघण्याआधी दीड-दोन तास रताळं, केळं आणि ताक, आणि मैदानात मीठ-साखर-लिंबाचं पाणी. पहिल्या वर्षी नऊच्या नऊ रात्री खेळायच्या नाहीत. एकाआड एक खेळा, मधल्या रात्री पायऱ्यांवर बसून बघा. घरी आलात की तळवे कोमट पाण्याने धुऊन खडे, काटे, फोड तपासा. मधुमेह असणाऱ्यांनी हे रोज करायचं आणि अनवाणी मुळीच खेळायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभं राहायला पाय पुरतात की नाही ते कळेलच. त्यानंतर चार दिवस काही नको, मग शरद पौर्णिमेच्या रात्री पुन्हा तासभर गरबा आणि दुसऱ्या सोमवारपासून सातव्या आठवड्याचा कार्यक्रम: ३० मिनिटं, पाच दिवस, मंगळवार-शुक्रवार पिठाची पिशवी.